परस्पर दिलेली माफी

प्रिय फौजदार,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. तू आता सेवा करतेस त्या वृद्धाश्रमातल्या आज्या तुला 'बाळ' म्हणतात असं कळलं आणि मला हसूच फुटलं. जिने आपल्या लाँड्रीच्या दारात भल्याभल्यांना पाणी पाजलं, ती म्हणे बाळ! पण मला दुसरं नाव जमत नाही, तेव्हा हेच चालवून घे.

दुकान चाललंय. मोठी इस्त्री मधूनच थंड पडते आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत बसलाय. तू असतीस तर एव्हाना त्याच्या घरी जाऊन धडकली असतीस. मी फोन करते, तो 'हो ताई' म्हणतो आणि मी फोन ठेवते. गिऱ्हाइकंही बेरकी झालीत. शर्टाचं बटण आधीच तुटलेलं होतं, एवढं सांगायलासुद्धा मला धाप लागते.

तू बदललीस ती दुपार मला लख्ख आठवते. आपण धुतलेले चर्चचे पडदे आटले, असं पाळकसाहेब कुणाजवळ तरी बोलले होते आणि तू बाह्या सरसावून भांडायला निघालीस. चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं म्हणे. परत आलीस ती संध्याकाळी, डोळे सुजवून. स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, आत तो होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याजवळ भांडायला काही उरलंच नाही. मला वाटलं, हिला ऊन लागलंय. पण दुसऱ्या दिवशी तू शेजारच्या घड्याळवाल्याची क्षमा मागितलीस, आणि ही आता कोणता डाव टाकतेय म्हणून तो बिचारा कितीतरी दिवस धास्तावून होता.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. जन्मभर देवापुढे गुडघे टेकले मी, आणि तो भेटला तुला, प्रवचनात जांभया देणारीला. तुझा चेहरा निवळला, झोप शांत झाली. ते ढोंग नव्हतं, शेजारच्या खाटेवरून मी पाहत होते. जुनी मी मेले, असं तू म्हणायचीस आणि सगळे माना डोलवायचे. पण त्या जुनीच्या आडोशाला मी राहत होते गं. नवऱ्याने माझा हात पिरगाळून मोडला तेव्हा तीच तर तापलेली इस्त्री घेऊन दारात उभी राहिली. तो पुन्हा फिरकला नाही, तो तिच्याच धाकाने. ती गेली म्हणून मी एकटीच रडले.

काल तोच नवरा दुकानात आला. केस पिकलेत, आवाज मऊ झालाय. म्हणाला, तो तुझ्याकडे येऊन रडला आणि तू त्याला माफ केलंस. आता मीही मन मोठं करावं, पुन्हा एकत्र राहावं. इस्त्रीखालचा शर्ट करपला तरी मला कळलं नाही. कदाचित तू एवढंसंच बोलली असशील आणि बाकीचं त्याने जोडलं असेल, त्याची ती खोड जुनीच. पण हात माझा मोडला होता. माफी माझ्याजवळची होती, ती तू परस्पर कशी दिलीस? देवाने सांगितलं म्हणून दिलीस, तर मग त्याने मला का नाही सांगितलं? रात्रभर मी त्याच्यावरही चिडले. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी उपासना सुटल्यावर नवरा माझं उत्तर घ्यायला येणार आहे. उत्तर 'नाही' असं आहे. ते मीच देईन, आवाज कापला तरी. तुला भांडायला बोलावत नाही. ते आता तुझ्याने व्हायचं नाही, आणि व्हावं असं मी मागणारही नाही. फक्त त्या वेळी तू ये. त्याच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर जरूर कर, पण माझ्या बाजूला उभी राहून कर. तुझ्या या नव्या जन्मात मी अजून तुझी बहीण आहे का, एवढंच मला बघायचंय.

तुझीच,
ताई