आयुधपूजेच्या दिवशी नवा प्रोग्रॅम

हिनकल, म्हैसूर

तीर्थरूप बाबांना हेरंबचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवणाची आबाळ नाही. खोली बदलायचं मात्र नोकरी कायम झाल्यावरच बघीन.

एका दवाखान्याचे रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पाठवणारा आमचा जुना प्रोग्रॅम पायथॉन भाषेत होता आणि फार सावकाश चालायचा. तो मी रस्ट नावाच्या वेगवान भाषेत नव्याने लिहिला. कालपासून तो सुरू झाला. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जाऊ नये, एवढीच धास्ती आहे. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या मुलाने हे काम केलंय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि नेमकी आज ऑफिसात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. सगळे कीबोर्ड हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेत. एकदा तपासावं म्हणून मी हात पुढे केला, तर आमच्या वरिष्ठ कृष्णवेणीबाई ओरडल्या, "अय्यो, मुट्टबेड! उद्यापर्यंत हात लावायचा नाही त्याला." त्या इथल्याच, पण घरी मराठी बोलणाऱ्या. मग मी हे पत्र लिहायला घेतलं.

एवढं लिहिलं तोच बाईंचा फोन वाजला. मला न सांगता त्यांनी सकाळी त्याच दवाखान्यात मुद्दाम रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट वाचून त्या हसल्या. "साखर बघ किती! म्हणजे माझाच आहे रे हा." आणि प्रसादाचा आपल्या वाट्याचा केसरीभात, म्हणजे इथला गोड शिरा, त्यांनी माझ्या पानावर वाढला.

आईने रक्त तपासून घेतलं का? रिपोर्ट आला की त्यावरचं नाव आधी वाचा.

तुमचा,
हेरंब