गार पट्टी

रविवार, ३ तारीख

आले एकदाची. दोन पेट्या, एक वळकटी आणि औषधांचा डबा. सगळं जागेवर लावायला बरोबर पावणेदोन तास लागले.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, शेगडी आणि रस्त्याकडची खिडकी. मागच्या खोलीत पलंग आणि खिडकीला दुहेरी अस्तराचे जाड पडदे. पलंग ज्या भिंतीला लागून आहे, तिच्यापलीकडे काही नाही. मोकळी हवा आणि खाली परसातली फरशी. म्हणजे शेजाऱ्यांचा टीव्ही नाही, भांडण नाही, फोडणी नाही. मालकीणबाई खाली राहतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याही विशेष बोलत नाहीत. मी खूश आहे. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या कुलपाची किल्ली हातात आली आणि मी ती संध्याकाळपर्यंत दहादा तरी चाचपून पाहिली.

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. अर्धशिशी तेहतीस वर्षं सोबतीला असली तरी ती नेमकी कशानं उठते ते रोज लिहून काढा, म्हणाल्या. तर माझी यादी अशी: झोप कमी होणं आणि जास्त होणंही, जेवणाची वेळ चुकणं, डोळ्यांवर येणारी उन्हाची तिरीप, उग्र अत्तर. उपाय: पहिल्या चाहुलीलाच गोळी, पण आठवड्यातून दोनच दिवस, नाहीतर गोळीच डोकं दुखवते; शिवाय अंधार, शांतता, कपाळावर गार पाण्याची पट्टी.

ती पट्टी बावीस वर्षं भावजयीनं ठेवली. दुखताना मला बोलवत नाही, म्हणून आमच्या घरी ठोक्यांची रीत होती. मधल्या भिंतीवर मी एक ठोका दिला की पाणी, दोन दिले की पट्टी, तीन म्हणजे मला एकटीला राहू द्या. निघताना ती म्हणाली, “वन्सं, तिथे भिंतीपलीकडे मी नसेन.”

“म्हणूनच चाललेय,” मी म्हटलं. ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. भावानं पेट्या दाराशी आणून ठेवल्या. माझी खोली तशीच ठेवतो, एवढंच म्हणाला. त्याचं प्रेम मला कळतं. पण अंधाऱ्या खोलीतली आत्या होऊन मरायची माझी तयारी नाही.

सोमवार, ४ तारीख

नोकरी नकाशांच्या कचेरीत, तपासनीस म्हणून. खालून दिवे असलेलं काचेचं टेबल. त्यावर जुना नकाशा, त्यावर नवी प्रत, आणि प्रत्येक ओढा, पायवाट, विहीर जागच्या जागी आहे की नाही ते पाहायचं. दुखऱ्या डोक्याच्या बाईनं उजेडाच्या टेबलावर काम करायचं म्हणजे विनोदच, पण हे काम मला येतं आणि मला ते आवडतं.

साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना दुखण्याचं आधीच सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. ते म्हणाले, सहा आठवडे पाहू, म्हणजे पुढच्या महिन्याच्या चौदापर्यंत. तेवढ्यात तीन खाडे झाले तर आपण दोघांनीही मनाला लावून घ्यायचं नाही. मी म्हटलं, मान्य.

शेजारच्या टेबलावर आखणीवाला आहे, केस पांढरे, जीभ तिखट. मी त्याच्या नकाशातली एक विहीर दोन शेतं पलीकडे गेल्याचं दाखवल्यावर त्यानं मला मास्तरीणबाई करून टाकलं. वर म्हणतो, विहीर स्वतःहून चालत गेली असेल. पण दुपारी त्यानंच कुठूनसा पिवळट कागद आणून माझ्या काचेवर पसरला. उजेड मऊ झाला. दर तासाला पाच मिनिटं डोळे मिटून बसते. कुणी हसलं नाही.

रविवार, १० तारीख

सकाळी डाव्या डोळ्याच्या कडेला ती करवतीच्या दातांसारखी चमकती रेघ आली. गोळी घेतली, पडदे ओढले. गोळी उलटून पडली. मग नेहमीचं: अर्ध्या कपाळात खिळा आणि त्यावर हातोडा.

मी सवयीनं भिंतीवर दोन ठोके दिले. देताना काही वाटलं नाही. बावीस वर्षांचा हात आहे तो. आणि पट्टी आली. गार, नीट पिळलेली, भुवयांपर्यंत ओढलेली. दहा मिनिटांत खिळा निघाला, असं कधीच झालेलं नाही. तीन तास झोपले.

उठल्यावर मात्र आठवलं, की भिंतीपलीकडे हवा आहे.

पट्टी उशाशी पडली होती. जाडंभरडं कापड, माझं नव्हे. दाराला आतून कडी होती.

सोमवार, ११ तारीख

अर्धशिशीत माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही. मीच उठून भिजवली असेन. कापड मालकीणबाईंचं असेल, कपाटात राहिलेलं.

त्यांना विचारायला गेले. तीनदा ओरडून सांगितल्यावर त्या हसल्या. माझ्या आधी इथे एक शिक्षिका राहायची, तिलाही हेच दुखणं. “मोठ्या गुणाची खोली आहे हो,” म्हणाल्या, “तिचं दुखणं इथे कायमचं थांबलं.” ती हल्ली कुठे असते, विचारलं, तर त्यांना ते ऐकू आलं नाही.

मुद्दाम दोन ठोके देऊन पाहिले, डोकं ठणठणीत असताना. काही नाही. स्वतःच्या मूर्खपणावर हसले आणि स्वयंपाकाला लागले.

शनिवार, १६ तारीख

कालची नोंद आज लिहिते आहे, कारण काल मला दिवसच मिळाला नाही.

पहाटेच डोकं उठलं. कामावर जायचं होतं, म्हणून ठोके दिले. खोटं कशाला लिहू, आशेनं दिले. पट्टी आली. या वेळी मी जागी होते. पापण्या उघडेनात, पण बोटं कळली. थंड, लांब, कापडाची कड कपाळावर सारखी करणारी, चादरीची सुरकुती काढावी तशी. दुखणं गेलं.

जागी झाले तेव्हा शनिवार होता. पहिला खाडा.

आखणीवाल्यानं विचारलं, फार दुखलं का. अजिबात दुखलं नाही, असं सांगितलं तर त्याला काय कळणार?

शुक्रवार, २२ तारीख

या आठवड्यात तीनदा चाहूल. तिन्ही वेळा ठोके दिले नाहीत. गोळी दोनदाच, तिसऱ्यांदा नुसतं आलं घालून पाणी आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. कामावर गेले, उलट्या केल्या, तोंड धुतलं, परत टेबलाशी बसले. साहेब दारातून दोनदा पाहून गेले. मी विहिरी मोजत राहिले.

पण कारणं विचित्र आहेत. मंगळवारी घड्याळाचा गजर बंद केलेला. मी तो लावला होता. बुधवारी डब्यातला पाव नाहीसा, उपाशी निघाले. आज सकाळी पडद्याला चार बोटांची फट, आणि तिरीप बरोबर उशीवर. पडदे मी चिमट्यांनी जोडून ठेवते. चिमटे खाली जमिनीवर एका ओळीत मांडलेले होते.

शनिवार, ३० तारीख

दुसरा खाडा. गुरुवारी संध्याकाळी उशीला उग्र अत्तराचा वास येत होता. मी अत्तर वापरत नाही. मिनिटभरात आंधळी झाले. ठोके मी दिले नाहीत, हे शपथेवर लिहिते. पट्टी न मागता आली.

दीड दिवस झोपले. दुखण्यानं नव्हे, आरामानं माझा खाडा पडला. तीन तास, मग अख्खा दिवस, आता दीड. हे कुठे जाणार ते कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

कचेरीतून आल्यापासून ही वही पुढ्यात घेऊन बसले आहे. पहिलं पान पुन्हा वाचलं. झोप, जेवण, तिरीप, अत्तर. एकेक करून सगळं. यादी माझ्याच हातची आहे.

रविवार, १ तारीख

आज नवीनच लक्षात आलं, म्हणून डॉक्टरीणबाईंसाठी लिहून ठेवते: लिंबाच्या सालीच्या वासानं माझं डोकं हमखास उठतं. अगदी जवळ आली तर दिवसभर उठता येत नाही.

वही टेबलावर उघडी ठेवून झोपते.

सोमवार, २ तारीख, कचेरीत

कालची नोंद खोटी आहे. लिंबाचं मला काहीही होत नाही, उलट मळमळीला बरं वाटतं.

आज सकाळी उशीच्या दोन्ही बाजूंना लिंबाच्या साली होत्या. ताज्या. नखांनी सोललेल्या.

मी त्या गोळा केल्या, पाण्यात उकळल्या आणि ते पाणी साखर घालून प्याले. बघतच असशील तर हेही बघ, म्हटलं.

वही आता पिशवीत, माझ्याबरोबर.

बुधवार, ४ तारीख

मालकीणबाईंना पाटीवर खडूनं लिहून विचारलं: शिक्षिकेचं काय झालं? आता ऐकू न येण्याची सोय नव्हती. त्यांनी पाटी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, आधी ती दिवस दिवस झोपायची, मग दोन दोन दिवस. नोकरी गेली. तिची काही तक्रार नव्हती. शेवटी आठवडाभर दिसली नाही म्हणून दार फोडलं. कपाळावरची पट्टी तेव्हाही ओली होती.

“चेहरा इतका शांत होता हो,” म्हणाल्या. आणि मग हळूच, की दुखण्यातून सुटली, वाईट काय त्यात?

मी पाटी पुसली आणि लिहिलं: मला सुटायचं नाही. मला नोकरी करायची आहे.

आखणीवाल्याच्या बहिणीकडे एक खोली पंधरा तारखेला रिकामी होते. घेतली. तोवर झोप पुढच्या खोलीत, खुर्चीत. भावाकडे जाणार नाही. इथून जायचं ते पुढेच.

सोमवार, ९ तारीख

भरदुपारी जेवायला घरी आले तेव्हा मागच्या खोलीच्या भिंतीतून ठोके ऐकू आले. दोन. थांबून पुन्हा दोन. पट्टी हवी का, असं विचारल्यासारखे. अगदी प्रेमानं.

मी आत जाऊन तीन दिले. जोरात. बोटांची पेरं सोलली.

थोडा वेळ शांत. मग दोन.

बुधवार, ११ तारीख

पुढच्या खोलीच्या भिंतीतूनही. तिच्यापलीकडे रस्ता आहे.

झोप चार तास. डोकं भरून आलं आहे, उठलेलं नाही. पाणी पिते, वेळेवर खाते. आखणीवाला म्हणाला, मास्तरीणबाई, तुमचा रंग नकाशातल्या वाळवंटासारखा झालाय. शनिवारपर्यंत एवढाच चालेल, म्हटलं.

शुक्रवार, १३ तारीख

हात धुताना आरशात कपाळ ओलं.

पुसलं. पुन्हा ओलं.

आज डबा कचेरीतच खाल्ला. कामावर होते. पूर्ण दिवस. सही केली आहे.

शनिवार, १४ तारीख, कचेरीत

सकाळी करवत आली. दोन्ही डोळ्यांत, पहिल्यांदाच. गोळीचे दोन दिवस संपलेले. भिंत धरून जिना उतरले. रस्त्यावर दोनदा बसले. नऊला दोन मिनिटं कमी असताना टेबलाशी होते.

साहेब म्हणाले, घरी जा, हा खाडा धरणार नाही. आभार मानले आणि बसून राहिले. आज आडवी झाले तर उठणार नाही, हे त्यांना कसं सांगू.

दुपार

दुखतंय. भयंकर दुखतंय. दुखतंय म्हणजे मी आहे — चौदा विहिरी तपासल्या — एक चुकलेली सापडली — आखणीवाला हसला, मग माझं तोंड पाहून पाणी आणायला उठला —

साडेतीन

काचेखालून ठोके. टेबलाच्या आतून. दोन. पिवळा कागद ओला झाला आहे. वहीबरोबर मीच आणलं तिला इथे —

बाकीच्यांना ऐकू येत नाही. खांद्याशी कुणी उभं आहे. कापड पिळल्याचा आवाज. थेंब नकाशावर, नदी पसरली —

पाचला दहा कमी

पट्टी डोळ्यांवर आहे. काढते, परत येते. न बघता लिहिते आहे, ओळी वाकड्या जात असतील. दुखणं ओसरतंय — नको — मी ते धरून ठेवलं आहे, कपाळ काचेच्या कडेवर दाबलंय — माझं आहे ते, तेहतीस वर्षं माझं — तुला देणार नाही —

झोप येते आहे. फार गोड. नाही.

मी उठणार नाही इथून. पाच वाजेपर्यंत मी कामावर आहे, नंतर साहेबांसमोर माझी सही, उद्या नवी खोली, आणि तू तुझी पट्टी घेऊन

ठोके. तीन दिले मी. पुन्हा तीन. पुन्हा ती

घड्याळ वाजतंय — एक — दोन — तीन — मोजते आहे मी, जागी आहे — चार —