श्रुतिकाची साखर, माझी जबाबदारी

२ मे, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. जबाबदारीची लेखी नोंद असावी.
नात श्रुतिका, वय अकरा, हिला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. इन्सुलिनवाला. यंदा वैशाख पौर्णिमेला मी तिला श्रीलंकेत अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या दर्शनाला नेणार आहे. लांजीच्या तेजरामची सहल, बावीस माणसे, आठ दिवस.
महेंद्रची, म्हणजे मुलाची, रायपूरला बदली झाली. जूनमध्ये त्यांचे बिऱ्हाड हलेल. श्रुतिकाने इथे बालाघाटला माझ्याजवळ राहून शिकावे असा माझा निर्णय आहे. सूनबाईचा वेगळा आहे. प्रियंका म्हणाली, "आई, आठ दिवस तुम्ही एकट्यानं तिची शुगर सांभाळून दाखवा, मग ठरवू." म्हणजे माझी परीक्षा. मी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवले. असो.
तिने सूचनांची चार पाने दिली. वर लाल शाईत "आई, नक्की वाचा". लाल शाईने मला कोणी लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पाने पर्समध्ये ठेवली.

५ मे
तेजरामकडे बैठक. अनुराधपूरला पस्तीस अंश, वर दमट हवा. उष्णतेने इन्सुलिन बिघडते, हे मला कोणी सांगायला नको. उपाय सरळ आहे: जितके थंड तितके टिकाऊ. मटार वर्षभर टिकतो तो काय ओसरीवर?
भरवेलीच्या तुळसाबाई मध्येच म्हणाल्या, "माह्या बुढ्याचं इन्सुलिन बारा वर्सं माठापाशी ओल्या फडक्यात राहे, मॅडम. काईच नाई झालं त्याले." मी शांतपणे विचारले, आता कुठे असतात ते? म्हणाल्या, "वारले. ट्रकखाली."
यावरून काहीच सिद्ध होत नाही.

८ मे, नागपूर विमानतळ
निघालो. पहिला नियम: सर्व इन्सुलिन माझ्या ताब्यात. पाण्यात भिजवून वापरायची एक निळी थैली प्रियंकाने दिली होती. चिंधीवर माझा विश्वास नाही. थैली घरी ठेवली. इन्सुलिनची पाचही पेने बर्फ भरून थर्मासमध्ये.
तपासणीत बर्फ फेकायला लावला. डॉक्टरांचे पत्र मागितले. ते श्रुतिकाच्या दप्तरात निघाले. तिनेच पुढे होऊन त्या माणसाला सर्व समजावले. मी मुद्दामच बोलले नाही. मुलांचा आत्मविश्वास वाढतो.

९ मे, कोलंबो, संध्याकाळी ७
उकाडा. आमच्या बालाघाटच्या मे महिन्यापुढे हे काहीच नाही असे मी बसमध्ये सर्वांना सांगितले. नंतर चक्कर आली म्हणून थोडी आडवी झाले. चक्करेचा उकाड्याशी संबंध नाही.
खोलीत फ्रिज आहे. वर बर्फाचा कप्पा. पेने त्यात ठेवली. निश्चिंत.

१० मे, अनुराधपूर
सकाळी पेने छान कडक झाली होती. श्रुतिका म्हणाली, "आजी, ये तो जम गया. मम्मीने मना किया था." मी म्हटले, तुझ्या मम्मीचा विषय कॉमर्स होता. खिडकीत उन्हात धरली, दहा मिनिटांत सैल झाली. तुळसाबाई दारातून पाहत होत्या. "मॅडम, औषध हाय का कुल्फी?"
श्रुतिका म्हणाली, औषधात कण दिसतात. मी म्हटले, थंडीने दिसतात.
जेवणानंतर दोन तासांनी साखर २८६. प्रवासाचा शीण.
येथील फ्रिजलाही बर्फाचा कप्पा आहे. तेजरामने हॉटेले चांगली निवडली.

११ मे
सकाळी ३१२. दुपारी ३५५. श्रुतिकाने जास्तीचे युनिट घेतले तरी आकडा हलत नाही. सारखी पाणी पिते. उष्ण देशात ते योग्यच. नऊ वेळा बाथरूमला गेली. पाणी प्याल्यावर तेही योग्यच.
निष्कर्ष: मुलगी चोरून खाते आहे. दुसरे शास्त्रीय कारण दिसत नाही. उद्यापासून भात निम्मा.
तिला आईशी बोलायचे होते. मी म्हटले, परदेशातून घोर लावू नये. महेंद्रला निरोप पाठवला: सर्व उत्तम.

१२ मे, पौर्णिमा, सकाळी ६
अष्टशील ग्रहण केले. दुपारी बारानंतर अन्न वर्ज्य. स्तूपापाशी पादत्राणे काढावी लागतात. श्रुतिकाने मोजे घातले, सूचनांच्या तिसऱ्या पानावर तसे आहे म्हणे. मी आदर्श घालून देण्यासाठी अनवाणी जाणार.

सकाळी ११.३०
फरशी किंचित उबदार.

दुपारी १
तळव्यांना फोड, चार. बोधिवृक्ष मात्र शांत, भव्य. डोळे भरून आले. फोडांमुळे नव्हे.

दुपारी २.३०
पौर्णिमेला इथे रस्तोरस्ती लोक मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट खाऊपिऊ घालतात. दानच ते. बस अडवून अडवून हातात देतात. आम्हाला आइस्क्रीम दिले. माझे बारानंतरचे शील होते, पण यजमानांचा अपमान करणे हे कोणत्या शीलात बसते? घेतले. गोडी बेताची होती, म्हणून दुसरेही घेतले.
श्रुतिकाने नाही म्हटले, असे ती म्हणते. मी वळून पाहिले तेव्हा तिच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा कप होता. तो मीच तिला धरायला दिला होता, पण त्यावरून तिने दुसरा खाल्ला नाही असे होत नाही.

दुपारी ३.१५
चोरी उघड झाली. मुलगी बसमध्ये मलूल पडली, दोनदा ओकली. जवळ जाऊन पाहिले तर तोंडाला स्पष्ट वास, पिकून गळलेल्या फळासारखा. मी विचारले, कोणते फळ खाल्ले? ती म्हणाली, नही आजी. मी म्हटले, खोटे बोलू नकोस, वास येतो आहे. ती रडली नाही.
तुळसाबाई उठून आल्या. "काहून रागावून राह्यल्या पोरीवर? सकायपासून माह्याजवळ हाय ते. पाण्याशिवाय काई नाई गेलं तिच्या पोटात. हात पहा तिचा, हात!" मी हात धरून पाहिला, गार आणि कोरडा. मग तेजरामला बस दवाखान्याकडे वळवायला सांगितली. सांगितली म्हणजे ओरडले.

१३ मे, दवाखाना, दुपार
साखर ४१८ होती. सलाईन, इन्सुलिनची नळी. काल त्यानंतर काही लिहिले नाही.
डॉक्टर एक तरुण मुलगी. माझ्या विद्यार्थिनी याहून मोठ्या असतील. तिने पेन उजेडात धरून पाहिले आणि इंग्रजीत विचारले, हे कुठे ठेवत होता? मी पूर्ण वाक्यात उत्तर दिले: फ्रीजरमध्ये, रोज रात्री, काळजीपूर्वक. तिने कागदावर लिहिले. गोठलेले इन्सुलिन म्हणजे पाणी, असे नंतर नर्सने सांगितले. फळासारखा वास हा आजाराचा असतो, हेही तिनेच.
आज साखर १९०. श्रुतिकाने दोन बिस्किटे मागून खाल्ली. विचारून.
वेळ होता म्हणून प्रियंकाची पाने वाचली. फ्रीजरबद्दलची सूचना पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत घालायची नसते. लक्ष जात नाही.

१४ मे
श्रुतिका हिंडूफिरू लागली. नवे इन्सुलिन दवाखान्याने दिले. ते तिच्याजवळ आहे. मी मागितले नाही. त्याभोवती गुंडाळलेला ओला रुमाल तुळसाबाईंचा.
प्रियंकाला सर्व सांगायचे आहे. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. घरी गेल्यावर, समोर बसवून.

१६ मे, बालाघाट
पोहोचलो. सर्वजण दमलेले. दमलेल्या माणसाला काही सांगू नये. कपडे प्रियंकाने बॅगेतून काढले, धुवायला टाकले.

१७ मे
रविवार असता तर सांगितले असते. शनिवारी महेंद्र उशिरा येतो.
साखर मोजायच्या यंत्रात जुने आकडे राहतात, हे मला माहीत नव्हते. संध्याकाळी प्रियंकाने ते पाहिले आणि श्रुतिकाला विचारले, चारशे अठरा कसे काय? मी तोंड उघडणार, तोच श्रुतिका म्हणाली, "मैंने आइसक्रीम खाई थी, मम्मी. दो कप."
दोन कप. मोजलेले होते तिने.
प्रियंका "बरं" म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. मुलीला रागावली सुद्धा नाही. शिस्त ढिली आहे. मीही बोलले नाही. आईच्या आणि मुलीच्या मध्ये पडू नये.

१८ मे
रविवार. पाहुणे आले. पाहुण्यांसमोर नाही.
श्रुतिकाने मला तिच्या हाताने लिंबूपाणी करून दिले. मी विचारले, तू असे का सांगितलेस? म्हणाली, "तुम डर गयी थी न, आजी." मी म्हटले, मी घाबरत नसते. ती हौ म्हणाली.

१९ मे
पायाचे फोड अजून आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरापर्यंत जाणे झाले नाही.

२० मे
झाले. सांगितले.
प्रियंका भांडी बांधत होती. मी दारात उभी राहून एका दमात सांगितले: मुलीने काही खाल्ले नाही. आइस्क्रीम मी खाल्ले. इन्सुलिन मी गोठवले. खोटे बोलतेस असे मीच तिला म्हटले, ती आजारी असताना. तुझी पाने वाचली नाहीत. महेंद्रला खोटा निरोप मी पाठवला.
ती वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्याचा कागद कपड्यांतच होता, आई. तुम्ही आल्या त्याच दिवशी वाचला मी." आणि म्हणाली, "चार दिवस वाट पाहून राह्यली होती."
यावर बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. मी खाली बसले आणि उरलेल्या वाट्या गुंडाळू लागले.
ठरले ते असे. श्रुतिका रायपूरला जाईल. दिवाळीत आठ दिवस माझ्याकडे येईल. इन्सुलिन तिचे तीच ठेवेल, आणि रोज संध्याकाळी फोन करून आकडा आईला सांगेल, मला नाही.
या व्यवस्थेला मी मान्यता दिली. ती कोणी मागितली नव्हती.