धुतलेला स्वेटर

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! घर छान आहे. खाली साहेबांचं चष्म्यांचं दुकान, वर तीन खोल्या, जिन्यात भरपूर ऊन. बायको गेल्यापासून साहेब आणि त्यांचा तीन वर्षांचा चिमणा, दोघंच. त्याला सांभाळायला आता मी. चिमणा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बघू किती दिवस! भल्याभल्या हट्टी पोरांना मी लळा लावलाय. माझी छकुली मात्र आठवडाभर बहिणीकडे राहणार. निघताना गळ्याला अशी मिठी मारली, की तिचे हात सोडवताना माझाच जीव कासावीस झाला. रविवारी भेटेनच.

बुधवार, ६
चिमणा सदानकदा एक हिरवा स्वेटर कवटाळून फिरतो. आईचा. झोपताना त्यात नाक खुपसतो. कॉलर मळून काळी झालीय, औषधी साबणाचा आणि आंबूस दुधाचा वास येतो. मला मेलं स्वच्छतेचं वेड! तो झोपलाय तेवढ्यात भिजवला, चांगला खसाखसा धुतला आणि गॅलरीत वाळत टाकला.

गुरुवार, ७
चिमण्याने स्वेटर हुंगला आणि खाली टाकला. रडला नाही, हेच मला बरं वाटलं नाही. मग जवळ आला, माझी मान हुंगली, मांडीवर चढला आणि आई म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी सुखावले. साहेबांना सांगितलं तर ते पायरीवर मटकन बसले. म्हणाले, अहो बाई, ती एवढ्याशा लोकरीत राहिली होती, आता कुठे जाईल?

रविवार, १०
बहिणीकडे गेले. छकुली धावत आली, कुशीत शिरली आणि एकदम मागे सरली. मावशीच्या पदराआड लपून म्हणाली, ही आई नाही, हिला दुसऱ्याच कुणाचा तरी वास येतो. बहीण हसली. मला हसू आलं नाही. माझ्या बाहीला औषधी साबण — आणि दूध.

मंगळवार, १२
अंग घासून घासून कातडी लाल झाली. वास जात नाही. चिमण्याला थोपटताना छकुलीचं गाणं म्हणायला गेले, तर तोंडातून भलतंच आलं. मी कधी ऐकलंही नव्हतं. चिमण्याला ते पाठ होतं. मला भीती वाटतेय. नोकरी गेली खड्ड्यात, उद्या निघते.

बुधवार
बॅग भरून दाराशी ठेवली होती. खालून साहेबांनी हाक मारली. इतके दिवस अहो बाई म्हणायचे. आज — अगं. आणि मी, आले हो, म्हणून —

बॅग कुणी उघडली? माझे कपडे तिच्या कपाटात —

शुक्रवार
छकुलीचा चेहरा आठवत नाही. डोळे आठवतात, मग तेही — चिमण्याचे होतात.

आज
दारात एक बाई. सोबत चारेक वर्षांची रडकी मुलगी. माझ्याकडे हात पसरतेय, आई आई करतेय. बाई म्हणते, पोरीने कालपासून घास घेतला नाही. बिचारी. चिमणा घाबरून मला बिलगलाय. दार लावून घेतलं. अजून रडतेय बाहेर. असली कसली हिची आई, पोटच्या पोरीला टाकून —