आबांच्या खोलीतला वास

सावेडी, नगर
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
पंकजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही मोनिकावन्संकडे गेलात त्याला तीन आठवडे झाले. चार दिवसांसाठी जातो म्हणाला होतात, आणि निघालात तेही चहा न घेता. ह्यांना ते फार लागलं.

आबा, तो डायपरचा पुडा मी तुमच्या उशाशी काळजीपोटी ठेवला. गादी तीनदा भिजलेली निघाली. सासऱ्यांना असं विचारायला जीभ रेटेना, म्हणून न बोलता ठेवला. वय झालं की होतं असं. मनात काही धरू नका.

बाकी ठीक. दिशाचा कॉलेजचा अभ्यास जोरात आहे. दिवाळीनंतर तिनं मैत्रिणीकडून आणलेली मांजरं, खारी आणि टोस्ट, अंगानं चांगलीच भरलीत. दिवसभर पॅसेजमध्ये लोळतात. तुमची लाडकी मांजर चिंगी मात्र कपाटावरून उतरत नाही. तुम्हाला शोधत असेल. जुनी गादी टाकून नवी आणली, फरशी रोज फिनेलनं पुसते. वास अजून येतो, पण जाईल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची,
पंकजा


पुणतांबा
ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पंकजा हीस,
पुंजारामचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मोनिका शेतात गेल्यावर वाचलं. पुड्याचा राग न्हाई. राग माझा माझ्यावर हाय. सारी नोकरी मुळा कालव्यावर पाटकरी म्हणून काढली, दुसऱ्याच्या रानाला पाणी वेळेवर सोडलं आन वेळेवर बंद केलं. आता सोताच्या अंगातलं पाणी मला कळंना.

खरं सांगतो, मला एकदा बी समजलं न्हाई. उठायचो तवा धोतर कोरडं आन पायथ्याची गादी वली. वाटायचं, मीच धोतर बदललं आसंल आन विसरलो आसंल. खिडकीच्या पडद्याखाली वलं निघालं, तिथं मी कवा गेलो ते बी आठवत न्हाई. डोकं बी चाललं का काय, ह्या भीतीनं पोटच्या पोराला, भागवतला बी बोललो न्हाई. तुला तर कसं बोलणार? सुनंसमोर मान वर करायची सोय ऱ्हायली न्हाई.

हल्ली चारनंतर पाणी पीत न्हाई. माझी खोली दिशाला अभ्यासाला द्या. मी आता हितंच ऱ्हातो. चिंगीला दूध घालू नका, तिला सोसत न्हाई. खारी-टोस्टला म्हणावं, म्हाताऱ्याचा पलंग तुमाला मोकळा झाला, लोळा खुशाल.

सगळ्यांनी जपून ऱ्हा. माया असू द्या.

तुझा,
आबा


सावेडी, नगर
ता. २४ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
पंकजाचा सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

कोरड्या धोतराचं वाचलं आणि उठून तुमच्या खोलीत गेले. नव्या गादीवर हात ठेवला. पायथ्याशी ओली होती. तुम्ही पुणतांब्यात आणि गादी इथं ओली! मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. दुपारी चिंगी कपाटावरून उतरली आणि मांजरांच्या शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेकडे निघाली. पॅसेजमध्ये टोस्ट आडवा बसलेला. ती मागं फिरली, तुमच्या पलंगावर चढली आणि पायथ्याशी बसून तिनं गादी ओली केली. दुसऱ्या दिवशी कंपाउंडवर एक परका बोका आला, तेव्हा तिनं खिडकीकडे पाठ करून, शेपटी थरथरवत पडद्यावर धार सोडली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणीत आजार निघाला नाही. त्या म्हणाल्या, ही खोड नाही, भीती आहे. घरात दोन नवीन आले, ट्रे एकच, तोही त्यांच्या ताब्यात. भेदरलेलं मांजर जिथं आपल्या माणसाचा वास असतो तिथं स्वतःचा वास मिसळतं, म्हणजे त्याला धीर येतो. म्हणून तुमचीच गादी, आबा. फिनेलच्या उग्र वासानं तर ती जास्तच बिथरली होती.

आता चार कोपऱ्यांत चार ट्रे ठेवलेत. चिंगीचं खाणं-पिणं तुमच्या खोलीत, दार लावून. बाहेरचा बोका दिसू नये म्हणून खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवला. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधानं पुसते. तेव्हापासून दोनदाच घाण केली. वेळ लागेल म्हणाल्या.

पण मांजराचं औषध मिळालं, माझं कुठून आणू? तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून मी बहिणीला फोनवर, दार उघडं ठेवून, म्हाताऱ्याला लाज उरली नाही असं म्हणाले होते. शेजारच्या काकूंनाही सांगितलं होतं. काल त्यांच्या दारात जाऊन दोष तुमचा नव्हता हे सांगून आले. त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

परत या असं म्हणायचा हक्क मी घालवला. तरी म्हणते. ९ मार्चच्या रविवारी मी स्वतः येते. वन्संना तोंडानं सगळं सांगेन.

पदरात घेतलंत तर ऋणी राहीन.

तुमची अपराधी,
पंकजा


पुणतांबा
ता. १ मार्च २०२५

चि. सौ. पंकजा हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी चिंगीचीच दया आली. एवढी भ्याली आन माझ्या ध्यानात आलं न्हाई. मग तुझा राग आला. खोटं कशाला लिहू? फोनवरचं ते बोलणं मी ऐकलं हुतं. पण तवा मला ते खरंच वाटलं हुतं, म्हणून राग आला न्हाई. आता आला. दोन दिवस ऱ्हायला, मग उतरला.

नऊ तारखेच्या रविवारी ये. मोनिकाला मी घराला रंग द्यायचा हाय म्हणून आलो असं सांगितलं हुतं. तू खरं सांगणार आसशील तर मी आडवणार न्हाई. तिलाबी कळू दे, बाप का आसा वागला. आल्या दिवसापासनं मी खाली सतरंजीवरच निजत हुतो. लेकीची गादी नासाया नको म्हणून. पाठ दुखती असं सांगायचो. ती भांडायची, एकदा रडली बी.

काल दुपारी तुझं पत्र परत वाचलं आन पयल्यांदा तिच्या गादीवर आडवा झालो. चांगली झोप लागली. जाग आल्यावर हात आपसूक खाली गेला. कोरडं हुतं. तरी दोनदा चाचपून पायलं. मला म्हाईत हाय की ते मी नव्हतो, तरी हाताला अजून पटत न्हाई.

नातीला गोड पापा. येताना सावकाश ये, आन येणार म्हणालीस ते मोडू नको.

तुझा,
आबा