हाल्वारच्या नावाची बिअर

१० जून १९७१, गुरुवार
पोहोचले एकदाची! बर्गनहून सात तास बोटीत, पण फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आरशासारखा शांत होता आणि कॉफी फुकट मिळाली. बोटवाल्या क्नुतने माझी ट्रंक धक्क्यावर आपटली. लियाबोच्या शेतावर चाललीस म्हणजे मजा आहे पोरी, म्हणाला, तिथल्यासारखी बिअर अख्ख्या किनाऱ्यावर नाही. फक्त म्हातारीशी वाद घालू नकोस, तीच जिंकते.

ब्रितामावशी सत्तरीची, काटक. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, पत्रावरून वाटलीस त्यापेक्षा बारीक आहेस, पण हात बरे आहेत. हातांसाठीच तर बोलावलंय मला. संधिवाताने तिची बोटं वाकलीत, बाटली धरवत नाही. तिचा नवरा हाल्वार गेल्या ऑक्टोबरात जाळी टाकायला गेला आणि होडी उलटली. होडी सापडली, तो नाही. तेवीस तारखेला पाद्री रिकाम्या शवपेटीवर प्रार्थना म्हणतील. मयताला आलेल्यांना घरची बिअर पाजायची इथली रीत. ती तयार आहे, पिंपात. मी साठ बाटल्यांत भरायची आणि तेवीसपर्यंत घरकाम बघायचं.

माझी खोली माडीवर. खिडकीखाली सफरचंदाचं झाड. छान झोप लागणार.

१२ जून, शनिवार
काम सुरू. भट्टीघर अंगणापलीकडे, सगळीकडे बिअरमध्ये घालायच्या जुनिपरच्या डहाळ्यांचा वास. मावशी स्टुलावर बसून शिकवते आणि टोचते. बाटली तिरकी धर, नळी तळापर्यंत जाऊ दे, तोटी अर्धीच उघड, फेस आला की थांब. गळ्याशी दोन बोटं रिकामी सोड, मग बूच. पहिली बाटली माझ्या अंगावरच उसळली. मावशी म्हणाली, बर्गनच्या पोरी बिअरने आंघोळ करतात वाटतं!

दुपारपर्यंत हात बसला. चाळीस झाल्या. चव घेतली. गोडसर, धुरकट, मागून संत्र्यासारखी. मावशी म्हणाली यीस्ट हाल्वारच्या आजोबांपासूनचं आहे, तो मडक्याशी बसून त्याच्याशी बोलायचा. हे सांगताना पहिल्यांदाच ती मला टोचायची विसरली.

१३ जून, रविवार
साठ बाटल्या झाल्या. पिंप रिकामं व्हायला हवं होतं. नाही झालं. ठोकून पाहिलं तर भरल्यासारखा आवाज. माझीच मोजणी चुकली असेल. आणखी बावीस भरल्या, मावशीने माळ्यावरच्या जुन्या बाटल्या काढून दिल्या. रंग गडद होत चाललाय. चव घेतली तर जरा खारट. पिंप बिघडलं का, विचारलं. मावशी म्हणाली, तू भर.

१४ जून, सोमवार
एका बाटलीत दोरा होता. लोकरीचा, पांढरा आणि तपकिरी पीळ. मी तो काढून मावशीला दाखवला, म्हटलं गाळणी फाटली असेल. तिने तो ओठांना लावला. रडली. मग सगळं सांगितलं.

हाल्वार गेला त्या दिवशी त्याच्या अंगात तिने विणलेला स्वेटर होता. पांढरा-तपकिरी. आणि ही बिअर तिने ओढ्याच्या पाण्याची केलीच नाही. होडी उलटली तिथलं फ्योर्डचं पाणी आणलं, घागरी भरभरून, वल्हवत. मी म्हटलं, मावशी, खाऱ्या पाण्याची बिअर होते का कधी? ती म्हणाली, मला बिअर कुठे हवी होती? पेटी रिकामी पुरायची नाही मला.

मी तोटी बंद केली. तिने वाकड्या बोटांनी परत उघडली.

१५ जून, मंगळवार
शंभरच्या वर. मोजत नाही आता. नळीतून राखाडी केस आले. शिंगाचं बटण. नखासारखं काहीतरी, मी नीट बघितलं नाही.

हात थंडीने निळे पडलेत. पिंपाला बाहेरून दव.

निघून जाते म्हटलं. मावशी चिडली नाही. म्हणाली, बोट गुरुवारी, तोवर भर गं, इतकं आणलंस त्याला, अर्ध्यावर सोडू नकोस.

१६ जून, बुधवार
सकाळी पिंप संपलं. शेवटची बाटली भरली आणि तोटी कोरडी.

त्या बाटलीच्या तळाशी दोन गोल होते. नळीतून कसे आले कोण जाणे. उजेडाकडे धरली. निळे. ते वळले. माझ्याकडे.

मावशी पाठमोरी होती. मी बाटली एप्रनखाली घेतली, ट्रंकेत ठेवली. उद्या क्नुतच्या हातात देणार. नुसतं सांगून माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

दुपारी भट्टीघरात बुचं उडाल्याचे आवाज. एकामागून एक. दाराच्या फटीतून पाहिलं. ती सगळ्या बाटल्या मोठ्या लाकडी टबात ओतत होती. टबात बिअर नव्हती. स्वेटर होता. भरलेला. वर-खाली होत होता, श्वासासारखा.

१७ जून, गुरुवार
धुकं. धक्क्यावर सकाळपासून बसले. बोटीचा भोंगा ऐकला. ओरडले, घसा फुटेस्तोवर. क्नुत धक्क्याला न लागता बाहेरूनच गेला.

दुसरं शेत डोंगरापलीकडे, चार तास, आणि धुक्यात वाट दिसत नाही. घरात फोन नाही.

मावशीने जेवायला बोलावलं. टेबलावर तीन ताटल्या. मासा, बटाटे. ती म्हणाली एक बाटली कमी आहे. मी म्हटलं मला माहीत नाही. ती हसली. म्हणाली, तो शोधेल.

१८ जून, सकाळी
कडी लावलीय. ट्रंक दाराला टेकवलीय.

अंगणात पावलं. ओली. पचक — पचक — थांबतात. भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज. चाचपडतोय. घराभोवती दुसरी फेरी.

मावशी त्याच्यावर ओरडतेय, लाडाने. अरे डावीकडे, डावीकडे! चाळीस वर्षं राहिलास या घरात आणि दार सापडेना? ठोंब्या!

आता मला हाक. इंगुन, देऊन टाक गं त्याचं त्याला.

देणार नाही. दिली तर त्याला —

जिन्यावर. नाही, परत खाली. पडला बहुतेक.

खिडकीतून फेकते. दगडावर. फुटेल, संपेल. बाटली बाहेर काढली. गरम लागतेय.

खिडकी उघडली. तो खालीच आहे. झाडापाशी, तोंड वर. चेहऱ्यावर नुसत्या दोन खोबण्या. मान सगळीकडे फिरवतोय, नजर कुठेच नाही.

बाटली हातात आहे. आतले दोन्ही माझ्याकडे वळलेत. आणि खाली तो — आता तोही बरोबर इकडेच — हसतोय. यांच्यातून त्याला मी दिस