अप्पा, बैराटला आपलं घर निघालं!

प्रिय अप्पा,

खोटं बोललात तुम्ही! जन्मभर एकच टुमणं, "या जयपुरात आपलं काय आहे?" रेल्वेने बदली करून इथे आणून टाकलं, म्हणून दरवर्षी आम्हाला गाडीत कोंबून नागपूरला नेलंत. आणि इथल्या आपल्या झोटवाड्यातून सकाळी निघालं तर जेवणाआधी पोचावं, एवढ्यावर बैराट होतं! एकदाही नेलं नाहीत. का?

काल विहारातल्या बायांबरोबर जाऊन आले. गुडघे बोंबलत होते, तरी डोंगर चढले. आणि वर काय, अप्पा! अशोकाच्या काळचं चैत्य, आणि तेही गोल! आता जोतंच उरलंय. मधला स्तूप गेला, लाकडी खांब गेले, विटांमधल्या त्यांच्या खाचा तेवढ्या राहिल्या. मी खाचेत हात घालून पाहिला. चौकीदार म्हणाला, "जला दिया था, बहनजी." कोणी? तर म्हणे हूणांनी, पण नक्की कोणालाच ठाऊक नाही. अशोकाने लिहवलेला दगड तर साहेबलोकांनी पार कोलकात्याला नेला. माझं डोकंच फिरलं!

पण पायांनी फेऱ्या घेतल्याच. सगळ्याजणींनी मिळून वंदना म्हटली, डोंगर नुसता घुमला!

तिथे भिक्खूंच्या खोल्या आहेत, एवढ्याएवढ्याशा. खालून व्यापाऱ्यांचे तांडे जायचे म्हणे. दमलेला माणूस वर यायचा, टेकायचा. मला तुमचा माठ आठवला. फाटकापाशी वाटसरूंसाठी ठेवायचात तो. आई ओरडायची, "पाणी मी भरते आणि पुण्य यांना!" तुम्ही नुसते हसायचात.

आता मुद्द्याचं. तुमच्या अस्थी अजून बुद्धाच्या तसबिरीपाशीच आहेत. आपला संजू रविवारी येतोय, नागपूरला, गावच्या नदीत सोडायला घेऊन जाणार. म्हणतो, "ताई, अप्पाच म्हणायचे ना, इथे आपलं काही नाही?" काय बोलू त्याला? म्हणायचातच तुम्ही!

पण डोंगराखालच्या चहावाल्याला तुमचं सांगितलं, तर तो म्हणाला, "मेरे आँगन में पीपल लगा लो बहनजी, पानी मैं डाल दूँगा." मला तुम्हाला त्या पिंपळाखाली ठेवायचंय. येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर.

शेजारी माठ मी ठेवीन. फुटला तर नवा आणीन, पण रिकामी जागा दिसू देणार नाही. हा माझा शब्द.

नदी की पिंपळ? शनिवारी रात्री स्वप्नात येऊन सांगा. आणि नेहमीसारखं नुसतं हसायचं नाही! हसलात, तर मी पिंपळ समजेन.

तुमची थोरली,
शोभा